द्रोणातला दिवा आणि ट्राउटची माशी

रामकुंडावर संध्याकाळी द्रोणात सोडलेला दिवा जरा वेळ उभं राहून बघा. काठाजवळ तो रेंगाळतो, मधल्या धारेला लागला की झपकन पुढं सरकतो, भोवऱ्यात सापडला की जागच्या जागी गिरक्या घेतो. पाणी नेईल तिकडं जातो. आता त्याच द्रोणाला बारीक दोरा बांधलाय आणि दोऱ्याचं दुसरं टोक काठावर तुमच्या हातात आहे असं समजा. द्रोण चार हात गेला की दोरा ताणेल, द्रोण तिरका होऊन पाणी कापत ओढला जाईल आणि त्याच्या मागं पाण्यावर रेघ उमटेल. लांबून बघणाऱ्यालाही कळेल की याला कुणीतरी धरलंय.

ड्राय फ्लायनं ट्राउट नावाचा मासा धरण्याची सगळी विद्या या अडचणीभोवती फिरते. गळावर पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर तरंगत ठेवायची, ती दोऱ्याला बांधलेली असणार, आणि तरी ती मोकळ्या दिव्यासारखी वाहिली पाहिजे. माशी कशी बांधायची, कुठं उभं राहायचं, दोरा कसा टाकायचा, हे सगळं त्यासाठी.

नाशकात ट्राउट नाही, मग नाशिकच्या माणसाला याचं काय, असं मला नेहमी विचारतात. ट्राउटला 10 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. 20 अंशांच्या वर गेलं की तो खायचा कंटाळा करतो, 25 च्या आसपास त्याच्या जिवावर बेतायला लागतं. कारण प्राणवायूचं आहे. 10 अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. आपल्या गोदावरीत, दारणेत उन्हाळ्यात तो तगणार नाही. मुळात तो हिंदुस्थानातला मासाच नाही. इंग्रजांनी त्याची अंडी बोटीनं आणली. 1900 च्या सुमारास काश्मिरात, नंतर निलगिरीत, 1909 मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात तो रुजला. नाशिकरोडहून दिल्लीची गाडी धरायची, तिथून रात्रीच्या बसनं औट, पुढं बंजार आणि गुशैणी. कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीच्या काठावर पोचायला दोन दिवस जातात. पण माशा बांधायच्या त्या इथंच, आणि लाइन, म्हणजे रॉडचा जाड दोरा, टाकायची तालीमही इथंच. वर्षातले अकरा महिने हा छंद नाशकातच चालतो.

आधी मासा काय खातो ते बघू.

पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीची झुंबड उडते. वर्षभर जमिनीत दडलेले किडे एकाच संध्याकाळी बाहेर पडतात, आणि सकाळी ओट्यावर पंखांचा सडा. अशा संध्याकाळी एखाद्या तळ्याकाठी गेलात तर पाण्यावर टपटप वर्तुळं उठताना दिसतील. एरवी तळाशी चरणारे मासेही वर येतात, कारण खाणं वर आहे आणि आयतं आहे.

ट्राउटच्या नदीत मेफ्लाय नावाच्या कीटकाचं असंच असतं. त्याचं पिल्लू नदीतल्या दगडांखाली काही महिने, कधी दोन वर्षंही राहतं. मग एके दिवशी ते पृष्ठभागावर येतं, पाठीवरची कातडी उकलते आणि आतून पंखवाला कीटक निघतो. पंख उभे धरून तो थोडा वेळ पाण्यावर शिडाच्या होडीसारखा वाहत राहतो, मग उडतो. झाडावर बसून पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारे कीटक जगात एवढेच. या शेवटच्या अवस्थेत त्याला खाता येत नाही, तोंडच कामाचं नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि काही तासांत, फार तर दोनचार दिवसांत मरायचं. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, हे खरं. पण ही होडी वाहत असते त्या वेळात तो डोकं वर काढतो, आणि ड्राय फ्लाय म्हणजे त्या होडीची नक्कल.

आता लोखंडाचा गळ तरंगतो कसा? माझ्या पुतणीनं हाच प्रश्न विचारला होता. "काका, गळ तर बुडणारच ना?" मी तिला एक वाटी पाणी आणायला सांगितलं. शिवणाची सुई डोक्यावरून फिरवायला लावली, म्हणजे केसांचं तेल सुईला लागलं. मग टिश्यू पेपरचा तुकडा पाण्यावर ठेवून त्यावर सुई अलगद आडवी ठेवली. कागद भिजून खाली गेला, सुई वर राहिली. नीट पाहिलं तर सुईच्या दोन्ही बाजूंना पाणी किंचित दबलेलं दिसतं, गादीवर निजलेल्या माणसाखाली गादी दबते तसं. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, तो फाटेपर्यंत वजन पेलतो. मग मी तिला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायला सांगितला. सुई तडक तळाला.

या वाटीत ड्राय फ्लायचं निम्मं शास्त्र आलं. माशी हलकी हवी. तिचं वजन एका जागी न पडता अनेक टोकांवर वाटलं गेलं पाहिजे. तिला तेलकट, पाणी न धरणारं काहीतरी लावलेलं हवं. आणि साबणासारखा पृष्ठताण मोडणारा पदार्थ तिच्यावर नको. माशाच्या अंगावरचा चिकट स्राव असाच वैरी आहे, म्हणून एक मासा लागून गेला की तीच माशी पुन्हा टाकली की बुडते.

वजन वाटून घेण्याचं काम करतं कोंबड्याचं पीस. मानेवरचं लांब, निमुळतं, चकाकणारं. पिसाची दांडी वाकवली की तिच्यावरचे केस पंख्यासारखे ताठ उभे राहतात. हे पीस गळाभोवती गुंडाळलं की चहूबाजूंनी केस उभे राहतात आणि माशी त्यांच्या टोकांवर उभी राहते. ही युक्ती जुनी आहे. एलियन नावाच्या रोमन लेखकानं साधारण 1800 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून वर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावतात. मुद्दाम तरंगणाऱ्या माशीचं शास्त्र मात्र एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या टेस्ट नदीवर बसलं, आणि 1880 नंतर हॅल्फर्ड नावाच्या इंग्रज लेखकानं ते पद्धतशीर मांडलं.

पीस कुठलं घ्यायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. ब्रॉयलरचं पीस कुचकामी, कारण तो पक्षी पाचसहा आठवड्यांत कापला जातो, त्याची पिसं पिकतच नाहीत. गावठी कोंबडा हवा, निदान वर्षभराचा, बांग देणारा. परदेशातल्या दुकानांत "इंडियन नेक" या नावानं विकली जाणारी पिसं आपल्याच देशातल्या कोंबड्यांची असतात. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची टिकल्यांची पिसं माशी बांधणाऱ्यांत जगभर नावाजलेली आहेत. त्याला हात लावायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पक्षी सुरक्षित आहे, आणि कायदा नसता तरी त्याला रानातच राहू द्यावा.

पीस पारखायची सोपी रीत आहे. ते वाकवून केसांची टोकं वरच्या ओठावर हलकेच टेकवायची. टोचली तर चांगलं, गुदगुल्या झाल्या तर ठेवून द्यायचं.

माशी बांधायचा माझा दोरा येवल्याचा आहे. पैठणीच्या मागावर उरलेलं रेशीम एका विणकर मामांनी मला पहिल्यांदा दिलं, तेव्हा ते म्हणाले, "घ्या, पण ओढाल तेवढं मऊ हातानं ओढा." आजकाल माशीसाठी नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा बारीक दोरा मिळतो आणि नवख्यानं तोच घ्यावा, तो सहसा तुटत नाही. पण पूर्वी सगळ्या माशा रेशमानंच बांधल्या जात. रेशमाला मधमाश्यांचं मेण चोळलं की ते घसरत नाही आणि पाणीही धरत नाही.

आता एक साधी माशी बांधू. पंख नाहीत, नुसती शेपटी, अंग आणि पिसाचा वळसा. बारीक तारेचा 14 नंबरचा गळ घ्या. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे लक्षात ठेवा. गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पक्कडीनं दाबून सपाट करा. मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. मग गळ छोट्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, असा पकडा की त्याची दांडी आडवी राहील.

नेढ्यामागं थोडी जागा सोडून दोरा गुंडाळायला सुरुवात करा आणि शेजारी शेजारी वेढे देत गळ जिथं वाकायला लागतो तिथपर्यंत जा. तिथं शेपटी लावायची. पिसातले ताठ सहासात केस, टोकं जुळवून, गळाच्या दांडीएवढ्या लांबीचे. इथं पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं. दोरा सरळ ओढला की केस त्याच्याबरोबर गळाच्या पलीकडं फिरतात. म्हणून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत केस गळासकट धरायचे, दोरा त्याच चिमटीत सैल वळशानं वरून न्यायचा, आणि मग सरळ खाली ओढायचा. चिमूट सोडायची घाई करायची नाही. दोन वेढे आणखी बसू द्या.

अंगासाठी पाणी न पिणारा धागा हवा. कापूस नको. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याची लोकर विंचरून तिचे तंतू वापरले की झालं. मेण लावलेल्या दोऱ्यावर हे तंतू ठेवून बोटांत एकाच दिशेनं पिळायचे. किती? दोऱ्याला मिसरूड फुटल्यासारखं दिसेल इतकेच. तुम्हाला पुरेसे वाटतात त्याच्या निम्मे घ्या. या पिळलेल्या दोऱ्यानं मागून पुढं वेढे द्यायचे, शेपटीकडं अंग बारीक, पुढं जरा भरीव. दांडीचा पुढचा तिसरा हिस्सा मोकळा राहू द्या.

त्या मोकळ्या जागेत पीस. त्याच्या केसांची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांतल्या अंतराच्या, दीड ते पावणेदोन पट असावी. बुडाकडची मऊ लव ओढून काढून टाका, उघडी दांडी गळाला बांधा. मग पिसाचं टोक चिमट्यात धरून वेढे द्या. दवाखान्यात असतो तो छोटा आर्टरी फोर्सेप मी यासाठी वापरतो. पाच किंवा सहा वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याला लागून. केस ताठ काटकोनात उभे राहतील. टोक बांधून टाका, उरलेलं कापा, नेढ्यामागं दोऱ्याचे चारपाच वेढे देऊन गाठ आतल्या आत ओढून घ्या आणि सुईच्या टोकानं नखपॉलिशचा एक थेंब लावा. थेंब नेढ्यात गेला तर लगेच पिसाच्या काडीनं साफ करा, नाहीतर नदीवर थंडीनं बोटं आखडलेली असताना दोरा ओवता येणार नाही.

नेढ्यापाशी जागा न उरणं ही माझी पहिल्या वर्षातली नेहमीची चूक होती. शेपटी, अंग सगळं छान जमायचं आणि शेवटी पीस बांधायला जागाच नसायची. उपाय एकच सापडला. सुरुवातीलाच दोऱ्याचे दोन वेढे देऊन पुढची हद्द आखायची आणि ती ओलांडायची नाही.

बांधलेली माशी टेबलावर टाका. ती शेपटीवर आणि पिसाच्या टोकांवर उभी राहिली पाहिजे. मग पेल्यातल्या पाण्यावर टाका. पाण्यात टाकल्यावर प्रत्येक टोकाखाली सुईसारखी एक एक बारीक खळी पडलेली दिसते. त्या खळ्या नीट बघा, कारण ट्राउटला पहिल्यांदा त्याच दिसतात.

हे समजायला विहिरीत बुडी मारून वर पाहिल्याचं आठवा. सगळं आकाश एका उजळ गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं आणि त्या गोलाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यात तळाचंच प्रतिबिंब. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो म्हणून असं होतं. ही खिडकी खोलीच्या सव्वादोन पट रुंद असते. म्हणजे मासा 30 सेंटिमीटर खाली असेल तर त्याच्या डोक्यावर जेमतेम 68 सेंटिमीटरचा गोल. वरून वाहत येणारी माशी आधी आरशाच्या भागात असते, तिथं माशाला तिचं अंग दिसत नाही. दिसतात फक्त पृष्ठभागावरच्या खळ्या, चमचमणारे ठिपके. जवळ येईल तसा आधी तिचा वरचा भाग खिडकीच्या कडेवर उगवतो, आणि मग अख्खी माशी. म्हणून रंगाच्या छटेत फार वेळ घालवू नये असं मला वाटतं. आकार आणि खळ्या बरोबर असल्या तर रंग थोडाफार इकडंतिकडं चालतो.

तुम्हीही त्याला त्याच खिडकीतून दिसता. मात्र पाण्याच्या सपाटीपासून 10 अंशांपेक्षा खाली जे असतं ते खिडकीच्या कडेला चेपून जातं आणि जवळजवळ दिसेनासं होतं. हिशेब केला तर 9 मीटरवर साधारण 1.6 मीटर उंची. तेवढ्या अंतरावर उभा माणूस कसाबसा लपतो. त्याहून जवळ जायचं तर गुडघ्यावर. आणि मागून जायचं, कारण ट्राउट नेहमी धारेकडं तोंड करून उभा असतो. त्याच्या मागं म्हणजे धारेच्या खालच्या अंगाला उभं राहून वर टाकायचं.

आपल्या नेहमीच्या गळात शिशाचं वजन दोरा ओढून नेतं. इथं माशीला वजनच नाही, म्हणून वजन लाइनला दिलेलं असतं. लाइन जाड, प्लॅस्टिकचा लेप दिलेली. 5 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात. रॉड मागं नेऊन थांबायचं, लाइन मागं पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढं. तो थांबा साधायला महिने लागतात. मी गोल्फ क्लब मैदानावर सकाळी लाइनच्या टोकाला तांबड्या लोकरीचा तुकडा बांधून हे करतो. गळ लावायचा नाही, मैदानावर मुलं असतात. लाइनच्या पुढं 9 फुटांचा निमुळता होत जाणारा लीडर, म्हणजे लाइन आणि माशी जोडणारा बारीक दोरा, आणि शेवटी केसासारखी नायलॉनची तार. तिच्यावर 5एक्स लिहिलेलं असलं तर जाडी 0.15 मिलिमीटर.

मग येते दोरा नसल्यासारखा करण्याची गोष्ट. येवल्याच्या संक्रांतीला ज्यानं आसारी, म्हणजे पतंगाच्या मांजाची फिरकी, धरली असेल त्याला मी एकच शब्द सांगतो, ढील. नदीची धार सगळीकडं सारख्या वेगानं वाहत नाही. तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये वेगवान पट्टा असेल तर तो लाइनचं पोट खाली ओढतो, आणि दोन सेकंदांत माशी पाणी कापत घसरायला लागते. म्हणून टाकताना लाइन सरळ ताणून पाडायची नाही, नागमोडी, सैल पाडायची. पडल्यावर रॉडच्या टोकानं लाइनचं पोट उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकायचं, म्हणजे ती ओढ सुरू व्हायला आणखी चार सेकंद मिळतात. माशी तुमच्याकडं वाहत येईल तशी डाव्या हातानं उरलेली लाइन गोळा करायची. ढील हवी, पण ढीग नको, नाहीतर मासा लागल्यावर ओढ पोचणार नाही.

तीर्थनवर माझे पहिले दोन दिवस एकही मासा न लागता गेले. माझी माशी तरंगत होती, मासेही वर येत होते, पण माझ्या माशीजवळ येऊन वळायचे. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका भाईंनी बराच वेळ शेजारी बसून पाहिलं आणि म्हणाले, "माशीकडं बघू नका, तिच्या शेजारच्या फेसाकडं बघा. दोघं बरोबर चालले पाहिजेत." मी फेसाचा एक बुडबुडा धरून पाहिला. माझी माशी त्याच्यामागं पडत होती, जेमतेम वीतभर. मला ती मोकळीच वाटत होती. माशाला तेवढं पुरतं. दोन पावलं खाली सरकून, आणखी सैल टाकलं, आणि माशी बुडबुड्याबरोबर निघाली. रामकुंडावरचा दिवा मला तिथं आठवला.

वर्तुळ उठलं की लगेच रॉड खेचायचा नाही. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो, तोंड मिटून खाली वळतो. तो वळेपर्यंत एक श्वास थांबायचं, मग रॉड नुसता उचलायचा. वर्तुळाकडंही नीट बघत जा. मध्ये बुडबुडा राहिला तर त्यानं पृष्ठभागावरचा कीटक हवेसकट गिळला, तुमची माशी बरोबर आहे. पाठ दिसली पण बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या जरा खाली अजून कात न टाकलेलं पिल्लू खातोय. अशा वेळी पिसाचे खालचे केस कात्रीनं सपाट कापून माशी पाण्यात जरा खाली बसवून बघावी.

जाण्याआधी दोन गोष्टी. हिमाचलात मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. आणि नाशकातच लहान माशांवर हात बसवायचा असेल तर धरणांतली मासेमारी सहसा सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते, त्यांना विचारूनच उतरावं. तिथं त्यांचं पोट आहे.

मासा जवळ आला की आधी हात ओले करायचे. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा स्राव निघून येतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. पाण्याबाहेर काढायची गरज नसते. दात दाबलेला गळ उलटा ढकलला की सुटतो. मग त्याला धारेकडं तोंड करून दोन्ही हातांत अलगद धरायचं, कल्ले उघडझाप करू लागतात, शेपटीत जोर येतो आणि तो आपला आपण जातो. मागं उरते चिकट, चपटी झालेली माशी. ती धारेत खळबळून धुवायची, रुमालात दाबून टिपायची, एक फुंकर मारली की पिसाचे केस पुन्हा उभे राहतात. त्यावर बोटाच्या टोकानं सिलिकॉन जेलचा कण चोळायचा आणि वर्तुळ पुन्हा उठायची वाट बघायची.